जोझे मोझिका मारिन्स : भयपट आणि सेन्सॉर

जोझे मोझिका मारिन्स (१९३६-२०२०) यांना ब्राझीलच्या भयपटाचे प्रवर्तक मानले जाते. १९६४ मध्ये त्यांनी स्वतः दिग्दर्शित केलेल्या चित्रपटात 'झे दो काइशांव' ही भूमिका साकारली. काळा झगा, उंच टोपी व लांब नखे धारण करणारा हा नास्तिक पुत्रप्राप्तीसाठी सर्वगुणसंपन्न स्त्रीच्या शोधात असतो. त्याच वर्षी देशात लष्करी राजवट आली. १९६७ च्या दुसऱ्या भागाचा शेवट सेन्सॉरने बदलावयास लावला. परिणामी झे मरतेसमयी ईश्वरास शरण जातो. त्रयीचा अखेरचा भाग लष्करी राजवट संपल्यानंतर दोन दशकांहून अधिक काळाने, २००८ मध्ये पूर्ण झाला. त्यात झे जिवंत व पूर्ववत नास्तिकच आहे. लादलेला शेवट दिग्दर्शकाने अशा रीतीने नाकारला.