रंग कच्चा की पक्का?

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील कन्नड तालुक्यात देवगाव रंगारी नावाचे गाव आहे. रंगारी म्हणजे सूत आणि कापड रंगवण्याचा धंदा करणारा कारागीर. विद्यार्थी मित्रांनो, कोणत्याही रंगाऱ्याला आपल्या रंगाविषयी एक प्रश्न नेहमी पडतो : हा रंग कच्चा की पक्का? धुतल्यावर तो पाण्यात उतरेल काय? उन्हात विटेल काय? घासल्यावर दुसऱ्या कापडाला लागेल काय? या तीन कसोट्यांना उतरला तो पक्का रंग.

हा प्रश्न आपण घरी मात्र विचारीत नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी कोणाची मेंदी पसरते, कोणाच्या कपाळावर केसांच्या कलपाचा काळा पट्टा उमटतो, नेलपॉलिश बोटभर लागते. मग घाई सुरू होते. कोणी लिंबू घासतो, कोणी रॉकेल आणतो, कोणी धुण्याचा सोडा, तर कोणी फरशी घासायचा दगडसुद्धा! रंग कच्चा असेल तर इतक्या खटाटोपाची गरजच नसते. आणि तो पक्का असेल तर घासून रंग जात नाही, कातडी जाते. म्हणून उपाय शोधण्याआधी रंग ओळखायला शिकू या.

तीन प्रकारचे रंग

आपल्या त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर मृत पेशींचा असतो. त्यात केराटिन नावाचे प्रथिन भरपूर असते. केस आणि नखेही याच प्रथिनाची. हा थर रोज थोडाथोडा झडतो आणि खालून नवा थर वर येतो. त्वचेवरचे रंग या थराशी तीन प्रकारे वागतात. काही रंग त्याच्यावर नुसते बसतात, काही त्यात मुरतात पण बांधले जात नाहीत, आणि काही त्याच्याशी रासायनिक बंधाने जोडले जातात. पहिले दोन कच्चे, तिसरा पक्का.

वर बसणारा रंग : नेलपॉलिश

नेलपॉलिशमध्ये नायट्रोसेल्युलोज हा पदार्थ इथिल ॲसिटेट, ब्युटिल ॲसिटेट यांसारख्या द्रावकांत विरघळवलेला असतो. द्रावक उडून गेला की नखावर रंगीत पापुद्रा उरतो. हा पापुद्रा पाण्यात विरघळत नाही. त्यामुळे साबणाने कितीही धुतले तरी तो हलत नाही. त्याला त्याचाच द्रावक हवा. म्हणून ॲसिटोनने तो चटकन निघतो.

ॲसिटोन घरात नसेल तर एक सोपी युक्ती आहे. जुन्या पॉलिशवर ताज्या पॉलिशचा एक हात द्या आणि ते वाळण्यापूर्वीच कापसाने पुसून टाका. ताज्या पॉलिशमधील द्रावक जुना थर मऊ करतो आणि दोन्ही थर एकदम निघून येतात.

येथे एक धोका मात्र लक्षात ठेवा. ॲसिटोन ५६ अंश सेल्सिअसला उकळते, पण त्याची वाफ साध्या तापमानालाही भराभर तयार होते. ती हवेपेक्षा सुमारे दुप्पट जड असल्यामुळे जमिनीलगत पसरते आणि पेट घेते. चूल, शेगडी, देवापुढचे निरांजन यांच्याजवळ ही बाटली कधीही उघडू नये. चष्म्याची प्लॅस्टिकची चौकट आणि काही कृत्रिम रेशमी कापडे ॲसिटोनमध्ये विरघळतात, हेही विसरू नये.

मुरणारा रंग : हळद आणि कुंकू

हळदीचा पिवळा रंग कुर्क्युमिन या द्रव्यामुळे येतो. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात मात्र विरघळते. म्हणून हळदी समारंभानंतर पिवळ्या पडलेल्या हातांना आधी खोबरेल तेल चोळावे, कापसाने पुसावे आणि मग सौम्य साबणाने धुवावे. कापडावरचा हळदीचा डाग धुऊन उन्हात वाळत घालावा. कुर्क्युमिनचे रेणू उन्हात मोडतात आणि डाग फिका होतो. म्हणजे रंगाऱ्याच्या ऊन्हाच्या कसोटीला हळद उतरत नाही, ती कच्ची!

साबण लावताच हळदीचा डाग लाल होतो आणि पुष्कळ लोक घाबरतात. यात घाबरण्यासारखे काही नाही. हळद हा एक दर्शक आहे. आम्लात ती पिवळी राहते, आम्लारिधर्मी द्रावणात लाल होते. साबणाचे पाणी आम्लारिधर्मी असते. भरपूर पाण्याने साबण काढून टाकला की डाग पुन्हा पिवळा होतो.

परंपरेने कुंकू तयार करतात तेही याच गुणधर्मावर. हळदीला चुन्यासारखा आम्लारिधर्मी पदार्थ लावला की ती लाल होते. बाजारातील प्रत्येक कुंकू मात्र हळदीचे नसते. चिमूटभर कुंकवावर लिंबाचा रस पिळून पाहा. ते पिवळे झाले तर हळदीचे. लालच राहिले तर त्यात दुसरा रंग आहे. कपाळाला खाज येत असेल किंवा काळसर डाग पडत असेल, तर ही परीक्षा करून ते कुंकू बदलावे.

टिकलीची गोष्ट थोडी वेगळी आहे. तेथे त्रास रंगाचा नसतो, डिंकाचा असतो. काही टिकल्यांच्या चिकटद्रव्यात पॅरा-टर्शरी-ब्युटिलफिनॉल हे रसायन असते. ते त्वचेत रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशींना इजा करते आणि टिकलीच्या जागी पांढरा डाग पडू शकतो. टिकली रात्री काढून ठेवावी, तिचा डिंक तेलाने पुसावा. पांढरेपणा दिसताच टिकली लावणे थांबवून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. हा डाग संसर्गजन्य नसतो, तेव्हा त्या मुलीपासून कोणी दूर राहण्याचे काहीच कारण नाही.

जोडला जाणारा रंग : मेंदी

पूर्वी दख्खनमध्ये आल नावाच्या झाडाच्या मुळांपासून लाल रंग काढीत. नुसत्या रंगात कापड बुडवून भागत नसे. आधी ते तुरटीत भिजवावे लागे. तुरटीतील ॲल्युमिनियम एका बाजूने धाग्याला आणि दुसऱ्या बाजूने रंगाला धरून ठेवते. अशा पदार्थाला रंगबंधक म्हणतात. पुढे १८६८ मध्ये जर्मनीत अलिझारीन प्रयोगशाळेत बनले, १८९७ पासून कृत्रिम नीळ विक्रीस आली आणि वनस्पतिज रंगांची मागणी ओसरत गेली.

मेंदीला मात्र रंगबंधकही लागत नाही. तिच्या पानांतील लॉसोन हा पदार्थ केराटिनशी स्वतःच रासायनिक बंध जोडतो. तळहातावर मृत पेशींचा थर जाड असतो म्हणून तेथे मेंदी गडद चढते, मनगटावर फिकी. खरडून काढल्यावर ती प्रथम नारिंगी दिसते आणि एकदोन दिवसांत तपकिरी होते.

मेंदी पसरली तर पहिली काही मिनिटेच आपल्या हाती असतात. ओल्या कापसाने लगेच टिपून घ्यावी. रंग चढल्यावर तो उतरवणारे द्रावक नाही, कारण तो आता तुमच्या त्वचेचाच भाग झालेला असतो. तो थर झडेल तेव्हाच रंग जाईल. त्याला एक ते तीन आठवडे लागतात. कोमट पाणी, साबण आणि मऊ पंचा यांनी झडण्याला थोडी मदत होते, इतकेच. तोपर्यंत पसरलेल्या ठिपक्याचे पान करावे, रेघेची वेल करावी. हा उपाय सर्वांत जलद आणि सर्वांत निर्धोक!

लिंबाचा रस चोळून उन्हात बसणे मात्र घातक आहे. लिंबातील फ्युरोकुमारिन ही द्रव्ये सूर्याच्या अतिनील किरणांनी उत्तेजित होतात आणि त्वचा भाजल्यासारखी होते. फोड येतात आणि मागे राहणारा काळा डाग मेंदीपेक्षा कितीतरी जास्त दिवस टिकतो. विरंजक चूर्ण आणि रॉकेल त्वचेला लावूच नयेत.

आतच तयार होणारा रंग : कलप

केसांच्या अनेक कलपांत पॅराफेनिलीनडायअमाइन, म्हणजे पीपीडी, असते. त्याचे लहान, रंगहीन रेणू केसात शिरतात. हायड्रोजन पेरॉक्साइडमुळे ते तेथे एकमेकांना जोडले जाऊन मोठे रंगीत रेणू बनतात. सुट्या फळ्या दारातून आत नेऊन खोलीत पलंग जोडला, तर तो पलंग जसा दारातून बाहेर निघत नाही, तसेच हे. म्हणून हा रंग पक्का.

कलप लावण्यापूर्वी केसांच्या कडेने कपाळाला व कानांना व्हॅसलीन लावले की डाग पडत नाही. पडलाच तर ओला असताना पुसावा. वाळल्यावर तेल चोळून धुवावे आणि चार दिवस वाट पाहावी. भुवया किंवा पापण्यांना कलप कधीही लावू नये. डोळ्याला गंभीर इजा होते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट आता सांगतो. खरी मेंदी त्वचेवर कधीच कोळशासारखी काळी चढत नाही. जत्रेत किंवा लग्नघरात ‘काळी मेंदी’ म्हणून जी अर्ध्या तासात काळीभोर चढते, तिच्यात बहुधा पीपीडी मिसळलेले असते. काहींना त्यामुळे काही दिवसांनी नक्षीबरहुकूम फोड उठतात. एकदा शरीराने पीपीडीला शत्रू मानले की ही ॲलर्जी सहसा जन्मभर सोबत राहते. दहाव्या वर्षी हौसेने काढलेली नक्षी चाळिसाव्या वर्षी केसांना कलप लावताना चेहरा सुजवू शकते. म्हणून कलपाच्या पुडीवर सांगितलेली चाचणी, म्हणजे त्वचेवर थोडासा कलप लावून ४८ तास वाट पाहणे, घरातील वडीलधाऱ्यांना करायला लावा. काळी मेंदी लावून झाली असेल तर लगेच साबणाने धुवा. खाज, सूज किंवा फोड आले तर घरगुती उपाय न करता डॉक्टरांकडे जा. चेहरा सुजला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर क्षणही दवडू नका.

वर्गात करून पाहा

हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या कागदाच्या चार पट्ट्या घ्या. एकीवर साबणाच्या पाण्याचा थेंब टाका आणि त्यावर लिंबाच्या रसाचा थेंब टाका. दुसरी पट्टी अर्धी पुठ्ठ्याने झाकून दिवसभर उन्हात ठेवा. तिसरी पाण्यात आणि चौथी खोबरेल तेलात बुडवून ठेवा. कोणत्या द्रवात रंग अधिक उतरला, उन्हात कोणता भाग विटला, याची वहीत नोंद करा. शिक्षकांनी मेंदीने रंगवलेल्या लोकरीच्या धाग्यावर हेच प्रयोग करून घ्यावेत. लोकरही केराटिनचीच असते, त्यामुळे मेंदी तेथेही पक्की बसते.

हे प्रयोग करताना तुम्ही रंगाऱ्याच्याच कसोट्या वापरीत असाल. पुढच्या वेळी घरात कोणाची अशी फजिती झाली, तर लिंबू किंवा रॉकेल शोधायला धावण्याआधी त्यांना विचारा : रंग कच्चा की पक्का?