एक शब्द, अनेक नाती

'मामा' हा शब्द कानी पडताच मराठी मुलांना आजोळ आठवते. मामा म्हणजे आईचा भाऊ. आकाशातील चंद्रालाही आपण चांदोमामाच म्हणतो. अपरिचित वडीलधाऱ्या गृहस्थास आपण आदराने 'अहो मामा' अशी हाक मारतो. आणि कोणी फसला, तर त्याला 'मामा बनविले' असे थट्टेने म्हणतो. हाच दोन अक्षरांचा शब्द घेऊन आपण देशोदेशी फिरलो, तर काय आढळेल?

तमिळ भाषेत मामा म्हणजे आईचा भाऊ. पण सासऱ्यालाही तेथे मामा म्हणतात. चीनमध्ये आणि पूर्व आफ्रिकेतील स्वाहिली भाषेत मामा म्हणजे आई. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतात केचुआ भाषा बोलतात. तिच्यातही मामा म्हणजे आईच. ते लोक धरणीमातेस 'पाचामामा' म्हणतात, आणि चंद्राच्या देवतेचे त्यांचे प्राचीन नाव 'मामा किल्या' असे आहे. आपल्याकडे चंद्र आईचा भाऊ, तर तिकडे तो स्वतःच आई!

याहून मोठे नवल कॉकेशस पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या जॉर्जिया देशात आहे. तेथे मामा म्हणजे वडील, आणि आईला म्हणतात 'देदा'. ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी राहणाऱ्या पिचांचारा लोकांच्या भाषेतही मामा म्हणजे वडीलच.

मग या सर्व भाषा एकमेकींच्या बहिणी आहेत काय? नाही. केवळ एका शब्दाच्या साम्यावरून भाषांचे नाते ठरत नाही. त्यासाठी अनेक शब्दांत एकच नियम पुन्हा पुन्हा दिसावा लागतो. संस्कृतातील 'पितृ' आणि 'भ्रातृ' हे शब्द पाहा. फारसीत ते 'पिदर' आणि 'बरादर' होतात, तर लॅटिनमध्ये 'पातेर' आणि 'फ्रातेर'. संस्कृत 'भ'च्या जागी लॅटिनमध्ये 'फ' येतो, हे इतर शब्दांतही दिसते : 'भरामि' म्हणजे मी वाहून नेतो, त्यास लॅटिनमध्ये 'फेरो' म्हणतात. असेच साम्य पाहून सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यास सांगितले, की या भाषा एकाच मूळ भाषेपासून निघाल्या असाव्यात. मराठी आणि जॉर्जियन, किंवा चिनी आणि स्वाहिली, यांच्यात मात्र असा नियम सापडत नाही.

तर मग 'मामा' सर्वत्र पोहोचला कसा? त्याचे उत्तर पाळण्यात आहे. सहासात महिन्यांचे मूल ओठ मिटते, उघडते आणि सहज 'मा मा मा' असा ध्वनी निघतो. त्यासाठी दात लागत नाहीत, की जीभ वळवावी लागत नाही. दूध पिताना मुलाचे ओठ मिटलेले असतात, तेव्हा नाकावाटे हुंकार निघतो. पुढे भूक लागली की मूल तोच ध्वनी काढते. म्हणूनच आपली बाळे जेवणाला 'मंमं' म्हणतात, आणि जपानमधील बाळे 'मांमा' म्हणतात. रोमन याकोबसन या भाषापंडिताने १९६० साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात हे कारण मांडले. त्याच्यापुढे जगातील अनेक भाषांतून जमविलेले आई आणि वडील या अर्थांचे १०७२ शब्द होते. त्यांतील आईवाचक शब्दांपैकी निम्म्याहून अधिक शब्दांत 'म' किंवा 'न' हा ध्वनी होता.

बाळ ध्वनी काढते, तेव्हा त्याच्या मनात अर्थ नसतो. अर्थ देतात ती भोवतालची मोठी माणसे. बहुतेक ठिकाणी आईला वाटले, की बाळ आपल्यालाच हाक मारीत आहे. जॉर्जियात हा मान वडिलांना मिळाला आणि आपल्याकडे आईच्या भावाला. ध्वनी सर्व मानवजातीचा असतो. अर्थ मात्र त्या त्या समाजाचा असतो. म्हणून परक्या भाषेत ओळखीचा शब्द ऐकू आला, तर त्याचा अर्थ आपल्या मनाने ठरवू नये. तो त्या भाषेच्या माणसांनाच विचारावा.