अंगणात ऊन, हाडांत उणीव

साताऱ्याच्या माण-खटावात वा सांगलीच्या जत तालुक्यात उन्हाची वाण नाही. तरीही घरातील वडीलधाऱ्यांना ‘ड’ जीवनसत्त्वाची उणीव भासू शकते. हे जीवनसत्त्व उन्हातील अतिनील किरणांमुळे त्वचेत तयार होते. वयपरत्वे त्वचेची ही क्षमता घटते, आणि खिडकीच्या काचेआडचे ऊन या कामी येत नाही.

यकृत व मूत्रपिंडात संस्कारित झालेले हे जीवनसत्त्व संप्रेरकाप्रमाणे काम करून अन्नातील कॅल्शियम शोषून घेण्यास मदत करते. ते अपुरे पडले, की गळ्यातील पॅराथायरॉइड ग्रंथींचे संप्रेरक वाढते आणि रक्तातील पातळी राखण्यासाठी हाडांतील कॅल्शियम काढून घेते. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटल्याने स्त्रियांची हाडे अधिक वेगाने झिजतात. सोबत स्नायूही दुबळे झाले, तर न्हाणीघरात पाय घसरण्याचे निमित्तही खुबा मोडण्यास पुरते.

म्हणून आजी-आजोबांना, ऊन सोसेल तेवढा वेळ, हातपाय उघडे ठेवून अंगणात बसवावे. आहारात दूध, ताक व नाचणीची भाकरी असावी; 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते. झेपेल तसे रोज चालणेही हवेच.

एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. 60,000 युनिटची पुडी बहुधा आठवड्यातून एकदाच, तीही ठरावीक काळ घ्यायची असते. ती चुकून रोज दिली गेल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून मळमळ, बद्धकोष्ठता, भ्रम, प्रसंगी मूत्रपिंडास इजा संभवते. तेव्हा पुडीचा वार दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याविना ती सुरू करू नये.