महानगराचे ऐक्य आणि गावाचा आवाज

शहरे वाढतात ती नकाशावरील सीमारेषांची अनुमती घेऊन नव्हे. पाणी, रस्ते आणि कचरा यांना नगरपालिकेची हद्द ठाऊक नसते. कारभार मात्र त्या हद्दीपाशी थबकतो. फ्रान्समध्ये हा पेच अधिकच बिकट आहे. तेथे लहान गाव असो वा मोठे शहर, प्रत्येक 'कम्यून'ची सभा व महापौर स्वतंत्र असून, अशा कम्यूनची संख्या सुमारे पस्तीस हजार आहे. म्हणूनच १९६६ च्या कायद्याने बोर्दो, लिल, लिऑन व स्ट्रासबुर्ग येथे शहर आणि भोवतालची गावे यांचे 'नागरी समुदाय' निर्माण केले.

लिऑनने १ जानेवारी २०१५ रोजी त्याही पुढचे पाऊल टाकले. नागरी समुदायाचे अधिकार आणि त्या प्रदेशापुरते ऱ्होन जिल्ह्याचे अधिकार एकाच महानगर संस्थेकडे आले. रस्ते व पाणीपुरवठा पाहणारी संस्थाच आता निराधारांचे साहाय्य, बालसंरक्षण व माध्यमिक शाळांच्या इमारतीही पाहते. घरबांधणीचा आराखडा आणि गरजूंची काळजी यांची सांगड एकाच सभागृहात घालता येणे, हा लाभ सामान्य म्हणता येणार नाही. कम्यून मात्र बरखास्त झाल्या नाहीत. जन्ममृत्यूची नोंद, प्राथमिक शाळांच्या इमारती ही कामे त्यांच्याचकडे राहिली.

खरा वाद २०२० साली उभा राहिला. तोवर प्रत्येक कम्यूनचा निदान एक प्रतिनिधी महानगर सभेत बसत असे. त्या वर्षी मात्र १४ मतदारसंघांतून १५० सभासद जनतेने थेट निवडले. कर घेणाऱ्या व खर्च करणाऱ्या संस्थेने मतदाराला थेट जाब द्यावा, हे तत्त्व निर्विवाद होय. परंतु मतदारसंघ अनेक कम्यून मिळून झाल्याने एखाद्या छोट्या गावाचा एकही रहिवासी सभेत नसणे शक्य झाले. महापौरांची परिषद आहे खरी. पण तिचे मत केवळ सल्ल्यापुरते.

थेट निवडणूक मागे घेणे हा यावरील उपाय नव्हे. तसे केल्यास सत्ता पुन्हा महापौरांच्या आपसांतील तडजोडींकडे जाईल. ज्या गावातून रस्ता जायचा वा जेथे कचऱ्याचे केंद्र व्हायचे, त्या गावाच्या हरकतीला लेखी व सकारण उत्तर देण्याचे बंधन महानगरावर असावे. ऐक्यासाठी गावाने अधिकार सोडावेत, आवाज सोडू नये.