विश्लेषण : खानदेशातून आल्प्सच्या बर्फावर… स्कीइंगची सहल कमी खर्चात कशी आखाल?

जळगाव, धुळ्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा बर्फाच्या डोंगरावरच्या सहलीची जाहिरात कुणालाही भुरळ घालते. पण ‘स्वित्झर्लंडमध्ये बर्फ पाहून येणे’ आणि ‘आल्प्समध्ये स्कीइंग शिकणे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत दोन तास फोटो काढून परतायचे असते. दुसरीत चार-पाच दिवस एकाच गावी मुक्काम, प्रशिक्षक, भाड्याचे साहित्य आणि लिफ्टचा पास लागतो. वर्षभराची शिल्लक खर्च करण्याआधी हे गणित नीट मांडायला हवे.

खर्च नेमका कशाकशावर होतो?

विमान तिकीट, व्हिसा, विमा, मुक्काम, जेवण हे खर्च कोणत्याही परदेशवारीत असतातच. स्कीइंगमुळे त्यात तीन नव्या खर्चांची भर पडते. पहिला लिफ्ट पासचा. घसरत खाली यायचे तर आधी वर जावे लागते आणि त्यासाठीच्या रोपवे व खुर्ची-लिफ्टचा हा पास असतो. मोठ्या केंद्रांत प्रौढांचा एका दिवसाचा पास साधारण ६० ते ८० युरोंच्या घरात जातो, स्वित्झर्लंडमधील नामांकित ठिकाणी त्याहूनही अधिक. दुसरा खर्च स्की, बूट, काठ्या व हेल्मेटच्या भाड्याचा आणि तिसरा प्रशिक्षकाचा.

इथेच पहिली बचत आहे. नवशिक्याला पहिले दोन-तीन दिवस संपूर्ण डोंगराचा पास लागतच नाही. बहुतेक केंद्रांत पायथ्याशी सरावाचा सौम्य उतार असतो आणि तिथला पास स्वस्त असतो. फ्रान्समधील अनेक केंद्रांत तर सरावाच्या काही लिफ्ट मोफत आहेत. एजंटने ‘सहा दिवसांचा फुल पास’ पॅकेजमध्ये घातला असेल तर तो काढायला सांगावा. एकास एक शिकवणीऐवजी गटातील शिकवणी घेतली तरी खर्च बराच उतरतो.

शाळेच्या सुट्टीचा मेळ कसा बसवायचा?

आल्प्समधील मुख्य हंगाम डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत. आपल्याकडच्या मोठ्या सुट्ट्या दिवाळीत आणि मे महिन्यात. त्यामुळे शाळकरी मुले असलेली कुटुंबे बहुधा नाताळचा आठवडा धरतात आणि नेमका तोच वर्षातील सर्वांत महाग काळ असतो. फेब्रुवारीत युरोपातील शाळांना सुट्ट्या असल्याने दर पुन्हा चढतात. आपल्याकडे तेव्हा दहावी-बारावीच्या परीक्षांचे दिवस. स्वस्त काळ म्हणजे नववर्षानंतरचे जानेवारीतील आठवडे आणि मार्चचा उत्तरार्ध.

दिवाळीतच जायचे असेल तर हिमनदीवरची केंद्रे हा मार्ग आहे. ऑस्ट्रियातील हिंटरटक्स येथे वर्षभर स्कीइंग चालते, तर श्टुबाई आणि सोल्डनचे उतार ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतात. हिंटरटक्सला जाण्यासाठी म्युनिकला उतरून रेल्वेने येनबाख, तिथून छोट्या गाडीने मायरहोफेन आणि पुढे बस असा प्रवास करता येतो. टॅक्सीचा मोठा खर्च वाचतो. मात्र ही केंद्रे तीन हजार मीटरच्या आसपासच्या उंचीवर असल्याने थंडी कडक आणि सोपे उतार मोजके, हे लक्षात ठेवावे.

व्हिसासाठी किती आणि कोणती तयारी?

शेंगेन व्हिसाचे शुल्क जून २०२४ पासून प्रौढांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५ युरो आहे. सहा वर्षांखालील मुलांना शुल्क नाही. आई-वडील आणि ६ ते १२ वयोगटातील दोन मुले अशा कुटुंबाचे २७० युरो होतात. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तरी हे २७ हजार रुपये झाले. व्हिसा केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. अर्ज नाकारला तरी ही रक्कम परत मिळत नाही. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान १५ दिवस आधी करावा लागतो. पण बोटांच्या ठशांसाठी मुंबईची वारी करावी लागत असेल, तर दोन-तीन महिने हाताशी ठेवलेले बरे. जळगावहून मुंबई रेल्वेने सुमारे ४२० किलोमीटर आहे. कागद अपुरा निघाला तर दुसरी फेरी परवडत नाही.

खानदेशातील शेतकरी कुटुंबांची अडचण वेगळी. केळी-कापसाचे उत्पन्न करमुक्त असल्याने आयकर विवरणपत्रात कमाई फारशी दिसत नाही. अशा वेळी सातबारा उताऱ्याचे इंग्रजी भाषांतर, मालविक्रीच्या पावत्या आणि विक्रीची रक्कम जमा झाल्याचे बँक खात्याचे उतारे एकत्र जोडावेत. अर्जाच्या चार दिवस आधी उसनवार करून खात्यात मोठी रक्कम भरणे मात्र टाळावे. तीच नोंद शंकेला जागा देते.

पैसे कुठे अडकतात?

व्हिसा हाती येण्याआधी परत न मिळणारे तिकीट किंवा हॉटेल घेणे ही सर्वांत महाग चूक. अर्जासोबत साधारणपणे आरक्षणाचा पुरावा चालतो, म्हणून रद्द करता येणारे आरक्षणच घ्यावे. टूर कंपनीकडे आगाऊ रक्कम भरताना ‘व्हिसा नाकारल्यास किती परत?’ हे लेखी घ्यावे. परदेशी पॅकेजवर टीसीएस आकारला जातो. तो विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो, पण तोवर तेवढी रक्कम हातची जाते. खर्चाच्या वहीत ती आधीच धरावी.

विमा फक्त व्हिसापुरता असतो का?

व्हिसासाठी किमान ३० हजार युरोंचे वैद्यकीय संरक्षण बंधनकारक आहे. परंतु अनेक साध्या प्रवास विमा पॉलिसींतून साहसी व हिवाळी खेळ वगळलेले असतात. म्हणजे कागद व्हिसाला चालतो आणि उतारावर पाय मोडला की निरुपयोगी ठरतो. डोंगरावरून हेलिकॉप्टरने खाली आणण्याचा खर्च हजारो युरोंत जातो. त्यामुळे पॉलिसीत स्कीइंग आणि डोंगरावरील बचाव या दोन्हींचा स्पष्ट उल्लेख आहे का, हे तपासावे. आखलेल्या मार्गाबाहेर स्कीइंग केल्यास बहुधा भरपाई मिळत नाही. इटलीत दुसऱ्याला इजा झाल्यास भरपाई देणारा दायित्व विमाही २०२२ पासून सक्तीचा आहे आणि नोव्हेंबर २०२५ पासून तिथे सर्व वयोगटांना हेल्मेट बंधनकारक झाले आहे.

कपडे आणि जेवणात काय वाचते?

कापूस हे खानदेशाचे पीक, पण बर्फात तो कामाचा नाही. सुती कपडा घाम आणि पाणी धरून ठेवतो आणि अंग गारठते. आत लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा थर, वर पाणी न शिरणारे जाकीट-पँट हवे. एकदाच वापरायचे असेल तर विकत घेण्यापेक्षा ओळखीत मागून घ्यावे.

स्वयंपाकघर असलेली खोली घेतल्यास जेवणाचा खर्च खूप उतरतो आणि शाकाहारींची सोयही होते. मात्र युरोपीय संघात प्रवाशांना दूध व मांसाचे पदार्थ नेण्यास बंदी आहे. तुपाचा डबा आणि पेढे घरीच ठेवावेत. बहुतेक ताजी फळे नेण्यासाठी वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. त्यातून सूट मिळालेल्या पाच फळांत अननस, नारळ, खजूर आणि ड्युरियनसोबत केळी आहेत. जळगावकरांना एवढी सवलत मिळालीच आहे.

आधी गुलमर्ग का?

स्कीइंग आपल्याला झेपते का, आवडते का, हे कळण्याआधी काही लाख रुपये आल्प्समध्ये घालण्यापेक्षा काश्मीरमध्ये शिकणे शहाणपणाचे. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू असलेला काश्मीरचा आरिफ खान गुलमर्गच्याच उतारांवर घडला. हे ठिकाण सुमारे २६५० मीटर उंचीवर आहे आणि गोंडोलाचा दुसरा टप्पा ३९०० मीटरच्या पुढे जातो. शिकण्याचे सोपे उतार खालीच असल्याने नवशिक्यांना रोज गोंडोलाचे तिकीट काढावे लागत नाही.

केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची भारतीय स्कीइंग व पर्वतारोहण संस्था गुलमर्गला, तर अटलबिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्था मनालीला प्राथमिक अभ्यासक्रम चालवते. अशा अभ्यासक्रमांत राहणे, जेवण, साहित्य आणि प्रशिक्षण एकत्र मिळते, म्हणून ते खासगी शिकवणीपेक्षा स्वस्त पडतात. जागा मोजक्या असल्याने हिवाळ्याआधीच चौकशी करावी.

पुण्याहून जम्मूला जाणारी झेलम एक्स्प्रेस चाळीसगाव, जळगाव, भुसावळ मार्गे धावते. धुळेकरांना चाळीसगावला गाडी बदलता येते. जून २०२५ पासून कटरा ते श्रीनगर वंदे भारत सुरू झाल्याने बर्फात अडकणाऱ्या महामार्गाला पर्याय मिळाला आहे. श्रीनगरहून गुलमर्ग सुमारे ५० किलोमीटर आहे.

धोका हवामानाचा. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग कोरडे पडले होते आणि २०२५ मध्ये खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. म्हणून जानेवारीअखेर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा, खोली रद्द करता येणारी घ्यावी आणि निघण्याआधी बर्फाची व सुरक्षेची स्थिती तपासावी.

एका हंगामात गुलमर्गला शिकून पुढच्या वर्षी आल्प्सला गेले, तर तिथले पहिले महागडे दिवस पडण्या-उठण्यात जात नाहीत. गुलमर्गलाच हौस फिटली, तर आल्प्ससाठी ठेवलेली रक्कम खात्यातच राहते.