कोचिटीची मातीची माणसे

लोककलेवर बोलत असताना वर्गात एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, कुंभाराने केलेली बाहुली कला केव्हा होते?" मला उत्तर देता आले नाही. पाठ्यपुस्तकात कलावंताला नाव असते; कुंभाराला फक्त जात असते. या प्रश्नाचा माग काढत मी अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यातल्या कोचिटी या गावापर्यंत गेलो, अर्थात पुस्तकांतून.

'प्वेब्लो' हा स्पॅनिश शब्द. त्याचा अर्थ गाव. तिथल्या मूळनिवासी शेतकरी समाजांना हे नाव परक्यांनी दिले. न्यू मेक्सिकोत आज अशी १९ प्वेब्लो आहेत. रिओ ग्रांदे नदीकाठचे कोचिटी त्यांतले एक. स्पॅनिश येण्याच्या आधीपासून हे लोक मातीची माणसे आणि पशुपक्षी घडवीत. १५९८ साली स्पॅनिशांनी वसाहत केली आणि पुढे या लोकांच्या धर्मविधींवर घाला घातला. १६८० साली पोपे याच्या नेतृत्वाखाली प्वेब्लोंनी उठाव केला आणि बारा वर्षे स्पॅनिशांना बाहेर ठेवले.

१८८० साली सांता फेला रेल्वे आली. तिच्याबरोबर प्रवासी आले, व्यापारी आले, सर्कशीही आल्या. कोचिटीच्या कारागिरांनी या पाहुण्यांना मातीत पकडले: पाद्री, व्यापारी, गुराखी, कसरतपटू. गोरे ज्यांना पाहायला येत होते, तेच गोऱ्यांना न्याहाळीत होते आणि त्यांची थट्टाही करीत होते. या बाहुल्यांना 'मोनो' म्हणत. स्पॅनिशमध्ये मोनो म्हणजे माकड. संग्राहकांनी घागरी-रांजणांना अस्सल ठरविले आणि बाहुल्यांना बाजारू. घडविणाऱ्यांची नावे बहुधा कुणी टिपलीच नाहीत.

हेलन कॉर्डेरो (१९१५–१९९४) ही याच कोचिटीची. आधी ती मणिकाम आणि चामड्याचे काम करी. पण मिळकत सामान आणण्यातच जाई. घरातल्या एका वृद्धेने सुचविले की मातीकडे वळ, माती विकत घ्यावी लागत नाही. तिची भांडी वाकडी होत, म्हणून ती पक्षी, बेडूक आणि छोटी माणसे करू लागली. अलेक्झांडर जिरार्ड या संग्राहकाने ती घेतली आणि पुढे मुलाबाळांसह मोठी बाहुली करायला सांगितले. कोचिटीत मूल घेतलेल्या आईची बाहुली जुनीच होती. हेलनला मात्र आठवले आजोबा, सांतियागो किंताना, नातवंडांना गोष्टी सांगणारे. १९६४ साली तिने त्यांना घडविले: डोळे मिटलेले, तोंड उघडे, अंगावर पाच मुले. मागणी ग्राहकाची होती, पण आजोबा तिचे होते. हा फरक समीक्षकांनी विसरू नये.

तिथे कुंभार ही जात नाही. हे काम मुख्यतः बायकांचे, आई-आजीकडून शिकलेले. चाक वापरत नाहीत. डोंगरातली माती आणून, चाळून, मळून हाताने आकार देतात. वाळल्यावर घासतात, पांढऱ्या मातीचा लेप देतात. काळा रंग एका रानवनस्पतीची पाने उकळून काढतात. मग उघड्यावर लाकूड आणि गोवऱ्यांच्या जाळात भाजतात. एखादा तडा गेला की सगळे श्रम वाया.

हेलननंतर इतर प्वेब्लोंतही अनेक कारागीर 'गोष्ट सांगणारा' घडवू लागले. १९८६ साली तिला राष्ट्रीय पातळीवरचा वारसा-सन्मान मिळाला. मूळनिवासींच्या नावावर नकली माल विकणे १९९० च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. १९६९ साली जन्मलेला कोचिटीचाच व्हर्जिल ऑर्टिझ याने जुन्या 'मोनो'ना पुन्हा उभे केले असून १६८० चा उठावही त्याने मातीत आणला आहे. ज्यांना बाजारू म्हटले गेले, त्या बाहुल्या आता इतिहास सांगत आहेत.

त्या विद्यार्थ्याला मी आता एवढे सांगू शकतो: बाहुली कला होतीच, तिच्या कर्तीचे नाव लिहायचे राहिले होते. यंदा मी वर्गाला एक काम दिले आहे. गावाकडे गेलात की घरातला रांजण, सूप, केरसुणी कुणाच्या हातची ते विचारा. जात नको, नाव लिहून आणा.