दुकान सालचं, गल्ली कोणाची?

ब्रुकलिनमधल्या काळ्यांच्या वस्तीत साल हा इटालियन वंशाचा माणूस पंचवीस वर्षं पिझ्झा विकतो आहे. दुकानाची एक भिंत त्यानं फोटोंनी भरून टाकली आहे: फ्रँक सिनात्रा, रॉबर्ट डी नीरो, अल पचिनो. सगळे इटालियन-अमेरिकन. बगिन आउट नावाचा एक तिरसट पोरगा पिझ्झाचा तुकडा खाता खाता विचारतो, इथे आमच्यातला एकही कसा नाही? साल म्हणतो, दुकान माझं आहे. तू तुझं काढ आणि तिथं हवे ते फोटो लाव. पोरगाही काही चुकीचं बोलत नाही. इथे इटालियन गिऱ्हाईक कधी दिसत नाही, गल्ल्यात पडतात ते पैसे आमचेच, मग भिंतीवर आम्हाला काहीच म्हणायचा हक्क नाही का? उन्हाळ्यातला सर्वांत तापलेला दिवस आहे. मध्यरात्रीच्या आत रेडिओ रहीम नावाचा एक तरुण पोलिसांच्या हातून मेलेला असतो आणि दुकान जळत असतं.

स्पाइक ली या दिग्दर्शकाच्या ‘डू द राइट थिंग’ची गोष्ट एवढीच. हा चित्रपट १९८९ साली आला. लीनं तो लिहिला, दिग्दर्शित केला आणि पिझ्झा पोचवणाऱ्या मुकीची भूमिकाही स्वतःच केली. गरीब वस्तीतल्या वर्णद्वेषावर त्याआधी आणि त्यानंतर पुष्कळ चित्रपट निघाले. त्यांतल्या बहुतेकांमध्ये एक दुष्ट गोरा असतो, एक सोशिक काळा असतो आणि शेवटी कोणाचं तरी डोकं ठिकाणावर येतं. इथे तसं होत नाही. साल वाईट माणूस नाही. ही पोरं माझ्या हातचं खाऊन वाढली, असं तो अभिमानानं सांगतो आणि ते खरंही असतं. तरीही शेवटी भडका उडतो तो त्यानंच उचललेल्या बेसबॉल बॅटपासून. माणसं चांगली की वाईट याच्यापेक्षा लीला दुसऱ्याच एका गोष्टीत रस आहे: या गल्लीत मालकी कोणाची, आणि नुकसान झालं तर ते कोणाचं मोजलं जातं?

चित्रीकरण खऱ्या गल्लीत झालं. बेडफर्ड-स्टायव्हेसंट, म्हणजे ‘बेड-स्टाय’ या भागातल्या स्टायव्हेसंट अॅव्हेन्यूच्या एका तुकड्यावर १९८८च्या उन्हाळ्यात युनिटनं मुक्काम ठोकला. सालचं पिझ्झाचं दुकान आणि समोरचं कोरियन किराणा दुकान हे दोन्ही सेट तिथल्या मोकळ्या जागांवर उभारले होते. कलादिग्दर्शक विन थॉमसनं एक अख्खी भिंत भडक लाल रंगवून घेतली. छायालेखक अर्नेस्ट डिकरसननं कॅमेरा तिरका धरला, चेहरे अगदी जवळून घेतले. उकाडा पडद्यावर दाखवणं सोपं नसतं. इथे तो पाहणाऱ्याच्या मानेवर उतरतो. या गल्लीत तेव्हा क्रॅकचे अड्डे होते. ते बंद करून राखण करण्याचं काम लीनं ‘नेशन ऑफ इस्लाम’ या काळ्या मुस्लिमांच्या संघटनेच्या स्वयंसेवक दलाला दिलं. चित्रपटात मात्र अमली पदार्थ कुठेच दिसत नाहीत, आणि त्यावरून समीक्षकांनी लीला बरंच धारेवर धरलं. गोऱ्या दिग्दर्शकांना हा प्रश्न कोणी विचारत नाही, हे त्याचं उत्तर मला रास्त वाटतं.

त्या लाल भिंतीपुढे तीन रिकामटेकडे दिवसभर खुर्च्या टाकून बसलेले असतात. लोकनाट्यातल्या सोंगाड्यासारखं त्यांचं काम आहे: हसवायचं, आणि हसवता हसवता नेमकं तेच बोलायचं जे बाकीचे टाळतात. त्यांतला एक समोरच्या कोरियन दुकानाकडे पाहून म्हणतो, हे लोक बोटीतून उतरून वर्षसुद्धा झालं नाही आणि आमच्याच वस्तीत यांचं दुकान. एक तर हे फार हुशार असतील, नाहीतर आम्ही काळे फार मूर्ख असू. दुसरा लगेच म्हणतो, आपण काळे म्हणूनच. दुसरं कारण नाही. तिसरा दोघांनाही उडवून लावतो: ही रडगाणी पुरे, मी चाललो त्याच कोरियनाकडे बिअर आणायला.

या तिघांच्या वादाचं उत्तर चित्रपट देत नाही, इतिहास देतो. १९३०च्या दशकात अमेरिकी सरकारच्या ‘होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन’नं शहरांचे नकाशे रंगवले. कर्ज द्यायला भरवशाचे भाग हिरवे, धोक्याचे लाल. वस्तीत काळे राहतात, एवढं कारण लाल रंगाला पुरत असे. बेड-स्टाय लाल होतं. घरकर्जाला सरकारी हमी देणारी यंत्रणाही पुढे याच हिशेबानं चालली. १९३६ साली भुयारी रेल्वेचा फुल्टन स्ट्रीटचा मार्ग खुला झाल्यावर हार्लेमच्या दाटीतून काळी कुटुंबं इथे येऊ लागली. मग दलालांचा धंदा तेजीत आला. काळे येताहेत, आता घराची किंमत उरणार नाही, असं गोऱ्या मालकाला घाबरवायचं. घर पडत्या भावात घ्यायचं आणि काळ्या कुटुंबाला चढ्या भावानं विकायचं. घरांच्या बाबतीतल्या अशा भेदभावाला बंदी करणारा केंद्रीय कायदा यायला १९६८ उजाडलं. जिथे घर गहाण ठेवून बँकेचं कर्ज मिळत नाही, तिथे धंद्याला भांडवल कुठून येणार? तू तुझं दुकान काढ, हे सालचं वाक्य या गल्लीत टोचतं ते यामुळे.

कोरियन लोकांची वाट वेगळी होती. १९६५च्या कायद्यानं आशियाई लोकांना अमेरिकेची दारं मोकळी झाली, तेव्हा आलेल्यांत शिकलेली, थोडी पुंजी बाळगून असलेली कुटुंबं बरीच होती. भाषा आणि पदव्या तिथे चालेनात, म्हणून ती दुकानदारीत उतरली. म्हातारे होत आलेले ज्यू आणि इटालियन दुकानदार आपली दुकानं विकत होते. कोरियनांकडे ‘क्ये’ नावाची पद्धत होती, आपल्याकडच्या भिशीसारखी. दर महिन्याला सगळ्यांनी पैसे टाकायचे आणि पाळीपाळीनं एकेकानं उचलायचे. बँकेच्या दाराशी जायची गरजच नाही. घरच्यांनी दिवसाचे पंधरा-सोळा तास राबायचं, पगारी माणूस ठेवायचा नाही. गिऱ्हाईकाला यातलं काही दिसत नाही. त्याला दिसतो काउंटरमागचा परका चेहरा आणि आपल्यावर चोरीचा संशय घेणारी नजर. ली हे सगळं समजावून सांगत बसत नाही. बॅटरी विकत घेताना झालेल्या एका शिवराळ बाचाबाचीत ते येऊन जातं.

शिव्यांचा एक अख्खा प्रसंगच आहे. पाच माणसं एकामागून एक कॅमेऱ्यात डोळे घालून शिव्यांचा पट्टा सोडतात. मुकी इटालियनांना, सालचा थोरला मुलगा पीनो काळ्यांना, पोर्तो रिकन पोरगा कोरियनांना, गोरा पोलीस पोर्तो रिकनांना, आणि कोरियन दुकानदार ज्यूंना. पाहताना हसू येतं आणि आपण कशाला हसतो आहोत असंही वाटतं. सगळेच सारखे, सगळ्यांच्याच मनात विष, असा या प्रसंगाचा अर्थ पुष्कळांनी लावला. मला तो अपुरा वाटतो. पाचही जणांकडे शिव्या आहेत हे खरं, पण दंडुका आणि वर्दी त्यांतल्या एकाकडेच आहे. पुढे रात्री रेडिओ रहीम मरतो तो शिवीनं मरत नाही.

शिव्यांच्या प्रसंगाच्या अगदी आधीचं मुकी-पीनोचं संभाषण पूर्वग्रह कसा चालतो ते जास्त बारकाईनं दाखवतं. काळ्यांचा उठता-बसता उद्धार करणाऱ्या पीनोला मुकी विचारतो, तुझा आवडता खेळाडू कोण? मॅजिक जॉन्सन. आवडता नट? एडी मर्फी. दोघेही काळे. कोंडीत सापडलेला पीनो म्हणतो, ते वेगळे, ते खरे काळे नव्हेत. द्वेषात अपवादाची सोय आधीच करून ठेवलेली असते. आवडत्या माणसाला त्याच्या जातकुळीतून बाहेर काढायचं आणि उरलेल्यांचा तिरस्कार शाबूत ठेवायचा.

चित्रपटात येणारी काही नावं मात्र कल्पित नाहीत. दुकान फोडणारी गर्दी ‘हॉवर्ड बीच’ असं ओरडते. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या त्या गोऱ्या वस्तीत डिसेंबर १९८६ मध्ये गाडी बंद पडल्यामुळे काही काळे तरुण एका पिझ्झाच्या दुकानात शिरले होते. बाहेर आल्यावर बॅटी घेतलेल्या गोऱ्या पोरांच्या टोळक्यानं त्यांना गाठलं. २३ वर्षांचा मायकेल ग्रिफिथ जीव वाचवायला महामार्गावर धावला आणि गाडीखाली मेला. पिझ्झाचं दुकान आणि बॅट या दोन वस्तू लीनं तिथूनच उचलल्या. चित्रपट ज्या सहा कुटुंबांना अर्पण केला आहे, त्यांत ग्रिफिथचं एक. दुसरं एलेनॉर बंपर्स यांचं. भाडं थकल्यामुळे घराबाहेर काढायला आलेल्या पोलिसांनी १९८४ साली या ६६ वर्षांच्या बाईंना गोळ्या घातल्या. तिसरं मायकेल स्टुअर्टचं. भुयारी स्थानकात भिंतीवर लिहिलं म्हणून १९८३ साली त्याला पकडलं. कोठडीतून तो बेशुद्धावस्थेत इस्पितळात गेला आणि पुन्हा शुद्धीवर आला नाही. रेडिओ रहीमच्या गळ्याभोवती पोलिसाचा दंडुका आवळला जातो तेव्हा न्यूयॉर्कच्या प्रेक्षकाला आठवायला फार कष्ट पडत नव्हते.

चित्रपट लागण्याआधीच काही नामवंत गोऱ्या पत्रकारांनी धोक्याची घंटा वाजवली. काळी पोरं हे पाहून रस्त्यावर उतरतील, दंगली होतील, आणि त्या वर्षीच्या महापौरपदाच्या निवडणुकीत डेव्हिड डिंकिन्स या काळ्या उमेदवाराला फटका बसेल, असा त्यांचा सूर होता. दंगल कुठेच झाली नाही. डिंकिन्स निवडून आले, शहराचे पहिले काळे महापौर झाले. हिंसा झाली ती उलट्या दिशेनं. चित्रपट लागून दोन महिनेही झाले नव्हते, तोच ऑगस्टमध्ये जुनी मोटार पाहायला बेन्सनहर्स्टमध्ये गेलेल्या युसुफ हॉकिन्स या १६ वर्षांच्या काळ्या मुलाला गोऱ्या टोळक्यानं घेरून गोळी घातली. चित्रपटातला साल आणि त्याची मुलं रोज ज्या वस्तीतून दुकान उघडायला येतात, ती बेन्सनहर्स्टच.

रहीमच्या मृत्यूनंतर मुकीनं सालच्या दुकानाच्या काचेवर कचऱ्याचा डबा का फेकला, हे गोरे प्रेक्षक लीला सतत विचारतात. काळ्या प्रेक्षकानं कधीच विचारलं नाही, असं तो अनेकदा सांगत आला आहे. यातलं दुःखाचं वाटप पाहण्यासारखं आहे. काचेआधी एक जिवंत माणूस गेलेला असतो, तरी चर्चा काचेची होते. पटकथेनं हे आधीच ओळखलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी रेडिओवर बातमी येते: महापौरांनी समिती नेमली आहे आणि शहरात मालमत्तेचं नुकसान खपवून घेतलं जाणार नाही. रहीमचं नाव त्यात नसतं. जळक्या दुकानापुढे मुकी सालकडे आठवड्याचा पगार मागायला येतो, आणि विम्याच्या पैशांचा विषय निघतो तेव्हा साल म्हणतो की प्रश्न पैशांचा नाहीच. हे दुकान मी माझ्या हातांनी उभारलं. दोघांचीही बाजू खरी आहे. पॅरामाउंट स्टुडिओला शेवटी या दोघांची गळाभेट हवी होती. लीनं नकार दिला आणि चित्रपट युनिव्हर्सलकडे नेला. बरं केलं. गळाभेटीनं प्रेक्षक निश्चिंत मनानं घरी गेला असता.

उणिवा आहेतच. बायका फारशा उभ्याच राहत नाहीत. मुकीची मैत्रीण टीना ओरडते आणि घाम पुसते, यापलीकडे तिला काम नाही. टीनाचं काम करणाऱ्या रोझी पेरेझचा हा पहिलाच चित्रपट होता आणि त्यातल्या बर्फाच्या प्रसंगानं आपल्याला किती अवघडून टाकलं, हे तिनं नंतर सांगितलं. कान चित्रपट महोत्सवात चित्रपटाला काही मिळालं नाही. ऑस्करला सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या यादीतही तो नव्हता. तो मान गेला ‘ड्रायव्हिंग मिस डेझी’ला, म्हणजे गोऱ्या मालकिणीच्या आणि तिच्या काळ्या शोफरच्या मैत्रीला. त्यावर वेगळी टिप्पणी करायची गरज नाही.

काही गोष्टी तेव्हापासून बदलल्या, काही फक्त कागदावर. गळा आवळण्यावर न्यूयॉर्क पोलिसांनी १९९३ साली पूर्ण बंदी घातली. २०१४ साली एरिक गार्नर स्टेटन आयलंडच्या फुटपाथवर पोलिसाच्या तशाच पकडीत मेला, आणि लीनं त्याची चित्रफीत आणि रहीमचा मृत्यू एकमेकांना जोडून दाखवले. वस्तीच्या बाबतीत मात्र चित्रपटातला एक किरकोळ प्रसंग सर्वांत दूरचं बघणारा निघाला. सायकल घेऊन जाणाऱ्या क्लिफ्टन नावाच्या गोऱ्याकडून बगिन आउटच्या नव्याकोऱ्या बुटांवर डाग पडतो. तुला या बाजूला राहायला कोणी सांगितलं, असं पोरं त्याला घेरून विचारतात. तो म्हणतो, मी हे घर विकत घेतलं आहे. सगळे बोंबलतात, आणि हसून प्रसंग संपतो. आज तिथल्या तपकिरी दगडी घरांना दहा लाख डॉलरच्या वर भाव आहे. एके काळी बँका ज्या पत्त्यावर कर्ज देत नव्हत्या, त्याच पत्त्यावर आता दलालांच्या पाट्या लागतात. काळ्यांची संख्या घटत गेली, गोऱ्यांची वाढली. २०१५ साली शहरानं त्या गल्लीच्या तुकड्याला ‘डू द राइट थिंग वे’ असं नाव दिलं, तोवर तिथले कित्येक भाडेकरू भाडं परवडेना म्हणून निघून गेले होते.